ढाल पाठीवर वागवणारे ढेकूण

ढेकूण हा शब्द कानावर पडला, की आपले मन थेट खाटेकडे धावते. उन्हात टाकलेल्या गाद्या, पलंगाच्या सांध्यांत ओतलेले आधणाचे पाणी, परगावच्या धर्मशाळेत अंग खाजवीत काढलेली रात्र, असे सगळे डोळ्यांपुढे येते. परंतु आज ज्या ढेकणांविषयी तुम्हांला सांगावयाचे आहे, त्यांना माणसाच्या रक्ताशी काही देणेघेणे नाही. ते राहतात शेतात, परसात, रानात. पावसाळ्यात संध्याकाळी दिवा लावला, की खिडकीतून येऊन भिंतीवर टपकन आपटणारा पोपटी रंगाचा, अंगठ्याच्या नखाएवढा किडा तुम्ही पाहिलाच असेल. घरातले कोणी तरी त्याला केरसुणीने झटकते आणि मग खोलीभर जो उग्र दर्प सुटतो, त्यामुळे त्याची ओळख कायमची पटते. त्याच्या पाठीवर मधोमध एक त्रिकोणी कठीण पत्रा असतो. त्या पत्र्याला ढालीची उपमा देऊन इंग्रजीत या किड्यांचे नावच पडले आहे. आपला शेतकरी मात्र त्यांना हिरवा ढेकूण, ढेकण्या अशा सरसकट नावांनी ओळखतो.

हा सरसकटपणाच थोडा महागात पडतो. एकच नाव, म्हणून एकच पंप आणि एकच औषध. वस्तुतः या कुळात पिकाचा रस पिणारे आहेत तसेच पिकावरच्या अळ्या मारणारेही आहेत, आणि दोघे एकाच पानावर शेजारी शेजारी बसलेले सापडतात. त्यांना वेगळे ओळखायचे कसे, हे सांगण्यासाठीच आजचा हा प्रपंच.

प्रथम एक घोटाळा दूर करू. पुष्कळ लोक या किड्याला भुंगेरा समजतात. भुंगेऱ्याचे वरचे पंख म्हणजे पेटीची दोन झाकणे. ती पाठीवर सरळ रेषेत मिळतात. ढेकणाचा वरचा पंख अर्धा चामड्यासारखा जाड आणि टोकाकडे अर्धा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ असतो. शास्त्रज्ञांनी या साऱ्या गणाला ‘अर्धपंखी’ अशा अर्थाचे नाव दिले ते यावरूनच. दुसरी खूण तोंडाची. भुंगेऱ्याला चावायला दात आहेत. ढेकणाला दात नाहीत, सोंड आहे. ती मिटलेल्या चाकूसारखी छातीखाली दुमडून ठेवलेली असते. सोंडेच्या म्यानात केसांसारख्या बारीक सुया असतात. त्या सुया भक्ष्यात शिरतात, एका नळीतून लाळ आत जाते आणि दुसरीतून रस वर येतो. ढेकूण काहीही खात नाही, जे काही घेतो ते पितो. खाटेतला ढेकूण याच गणातला असल्यामुळे नावाचे साम्य अगदीच निराधार नाही.

पाठीवरच्या ढालीचे प्रकार आहेत. साध्या हिरव्या ढेकणाची ढाल पाठीच्या निम्म्यापर्यंत येते. काही जातींत मात्र ती इतकी वाढते, की पंख आणि पोट सगळे तिच्याखाली झाकून जाते. मोगली एरंडाच्या कुंपणावर हिरव्या-निळ्या धातूसारखे झळकणारे, काळ्या ठिपक्यांचे किडे दिसतात, ते या प्रकारचे. पोरे ते काड्यापेटीत जमवतात. हे किडे खरोखरच रत्नासारखे दिसतात आणि त्यांना रत्नाचेच नाव आहे. आपल्या देशातील या सगळ्या मंडळींची पहिली मोठी गणती डिस्टंट नावाच्या इंग्रज अभ्यासकाने केली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत त्याचा ढेकणांवरचा पहिला खंड १९०२ साली निघाला. कीटकसंग्रह करणाऱ्यांना आजही तो चाळावा लागतो.

आता वासाकडे येऊ, कारण लोकांना या किड्याविषयी काही ठाऊक असेल तर ते एवढेच. वयात आलेल्या ढेकणाच्या छातीच्या खालच्या अंगाला, पायांच्या मुळाशी, दोन बारीक छिद्रे असतात. पिलाची ग्रंथी मात्र पोटाच्या पाठीकडील बाजूस असते. असे का? पिलाला पंख नसतात, त्याची पाठ उघडी असते. मोठ्या ढेकणाची पाठ पंखांनी झाकलेली असते, तेथे ग्रंथी ठेवून उपयोग नाही. म्हणून शेवटची कात टाकताना ढेकूण आपले शस्त्र पाठीवरून पोटाखाली हलवतो. या दर्पातली काही द्रव्ये कोथिंबिरीच्या पानांतही आहेत. काहींना कोथिंबिरीला ढेकणाचा वास येतो, ते नाक उगीच मुरडत नाहीत. इंग्रजीतले धण्याचे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याच्या मुळाशी ढेकूण हाच अर्थ आहे, अशी एक व्युत्पत्तीही सांगतात. आपली कोथिंबीर ग्रीक बोलत नाही, हे तिचे भाग्य!

या वासाने मुंग्या दूर राहतात, एखादा नवशिका पक्षी तोंडातला घास थुंकतो, आणि जवळच्या भाऊबंदांना धोक्याची सूचना मिळते. पण वास म्हणजे अभेद्य कवच नव्हे. कोळी, सरडे, पक्षी, खंडोबाचा किडा हे सगळे ढेकूण खातात. माणूसही खातो. मेक्सिकोतील तास्को गावी दर वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास लोक डोंगरावर जाऊन हे किडे गोळा करतात आणि मिरचीबरोबर वाटून खातात. इतके लांब जायलाही नको. अरुणाचल प्रदेशात हिवाळ्यात नदीपात्रातल्या दगडांखाली दडलेले ढेकूण वेचून त्यांची चटणी करतात. आपल्याला कसेसे वाटेल. पण सुकटीच्या वासाने नाक धरणारे लोक आपल्यातच नाहीत काय?

या किड्यांचा संसार मोठा पाहण्यासारखा आहे. नमुन्यादाखल आपला हिरवा ढेकूण घेऊ. शास्त्रात याला नेझारा विरिड्युला म्हणतात. १७५८ साली लिनियसने त्याची नोंद केली, आणि आज जगाच्या बहुतेक सर्व उष्ण प्रदेशांत तो आहे. याचा नर आणि मादी एकमेकांना बोलावतात ते हवेतून नव्हे, तर झाडातून. नर प्रथम एक गंध सोडतो. त्या गंधाने मादी त्याच झाडावर येऊन बसते आणि पोट हलवून खोडात कंप निर्माण करते. सेकंदाला सुमारे १०० आंदोलने. म्हणजे खर्जातला सूर. आपल्या कानाला काही ऐकू येत नाही, पण नराच्या पायांना देठातून तो कंप जाणवतो. फांदी जिथे दुभंगते तिथे नर थांबतो, पाय दोन्हीकडे टेकवून अंदाज घेतो, आणि जिकडून सूर येतो तिकडे वळतो. सोयाबीनच्या शांत दिसणाऱ्या शेतात ही मैफल दिवसरात्र चाललेली असते.

मादी पानाच्या पाठीमागे एकाला एक चिकटवून अंडी घालते. एका पुंजक्यात साठ-सत्तर, कधी शंभरावरही असतात. प्रत्येक अंडे म्हणजे लहानसे पिंप. त्याला वरून गोल टोपण. आतले पिलू डोक्यावरच्या अणकुचीदार कडेने ते टोपण बरोबर उचलते. फ्रेंच कीटकनिरीक्षक फाब्र यांनी या टोपणावर मोठ्या कौतुकाने लिहिले आहे. बाहेर आलेले पिलू मोठ्या ढेकणासारखेच असते, फक्त पंख नसतात. फुलपाखराप्रमाणे अळी, कोष अशी सोंगे त्याला घ्यावी लागत नाहीत. पाच वेळा कात टाकली की काम झाले. उबदार हवेत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण पाच आठवडे पुरतात.

पहिल्या काही दिवसांत पिले रिकाम्या टरफलांना चिकटून बसतात. पिकाला तोंड लावत नाहीत. हे काय करतात, असा प्रश्न पूर्वीपासून होता. अंडी घातल्यावर आई त्यांच्यावर आपल्या आतड्यातल्या जीवाणूंचा एक लेप देते. पिले टरफले चोखतात ती तो लेप पोटात घेण्यासाठी. आपल्याकडे बाळाला घुटी देतात, तसलाच हा प्रकार समजा. झाडाच्या रसात पोषणाची जी उणीव असते ती हे जीवाणू भरून काढतात.

याविषयी जपानात केलेला एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्याकडे वाल-पावट्याच्या वेलांवर वाटाण्यासारखे गोलसर, हिरवट तपकिरी ढेकूण थव्याने बसलेले असतात. यांची मादी अंड्यांखाली जीवाणूंच्या बारीक पुड्याच बांधून ठेवते. जपानात या ढेकणाच्या अगदी सख्ख्या दोन जाती आहेत. एक सोयाबीनवर उपद्रव करते. दूरच्या दक्षिण बेटांवरची दुसरी सोयाबीनच्या वाटेला जात नाही. शास्त्रज्ञांनी पुड्यांची अदलाबदल केली. याच्या पिलांना त्याचे जीवाणू दिले आणि त्याच्या पिलांना याचे. परिणाम काय झाला? सोयाबीनवर ठेवल्यावर उपद्रवी जातीचा वंश खुंटू लागला, आणि निरुपद्रवी जात त्याच झाडावर भरभराटीला आली. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आपण ज्याला पिकाची कीड म्हणतो, त्याचे कीडपण त्याच्या स्वतःच्या अंगात नसून पोटातल्या जीवाणूंत असू शकते. मला तर वाटते, ‘कीड’ हा शब्द कीटकशास्त्रातला नाहीच. तो आपल्या हिशेबाच्या वहीतला आहे.

आईच्या ममतेविषयीही थोडे. बहुतेक ढालवाल्या ढेकणांची आई लेप देऊन मोकळी होते. काही जातींत मात्र ती अंड्यांवर कोंबडीसारखी बसून राहते. ही गोष्ट स्वीडनमधील मोडेर याने १७६४ साली प्रथम नोंदवली. पुढे त्याच देशातील द गेअर यानेही लिहिले. फाब्र यांना मात्र ते पटले नाही, आणि त्यांनी द गेअरची चांगलीच खिल्ली उडवली. फाब्र यांच्यासारखा निरीक्षक क्वचितच चुकतो, पण येथे चुकला. बर्चच्या झाडावरची ही आई खरोखरच पिलांवर छत्र धरते. आपल्या सह्याद्रीतही पाहायचे असेल तर चांदाड्याचे झाड शोधा. त्याच्या पानाचा देठ कडेला नसतो, ढालीच्या मुठीसारखा पानाच्या आत चिकटलेला असतो. त्या ढालीखाली पिवळ्या-नारिंगी रंगाची, काळ्या ठिपक्यांची एखादी ढेकणी अंड्यांवर पोट टेकून बसलेली आढळेल. बोट जवळ नेले तरी ती उडून जात नाही. अंग तिरपे करून आपली पाठ तुमच्याकडे करते. ढालीचा इतका शब्दशः उपयोग दुसरीकडे दिसणार नाही.

आता शेतात उतरू. हिरवा ढेकूण सोयाबीन, तूर, कपाशी, टोमॅटो, भेंडी अशा कितीतरी पिकांवर जगतो, आणि त्याची आवड नेमकी आपलीच, म्हणजे कोवळा दाणा. सोयाबीनच्या शेंगेत दाणा भरू लागला, की तो शेंगेवर बसून सालीतून सुया खुपसतो. बाहेरून शेंगेवर एक टिंब दिसते, नाही दिसत. आतला दाणा मात्र सुरकुततो किंवा धरतच नाही. अशा झाडाला शेंगा भरल्याची खबर लागत नाही, म्हणून ते पिवळे पडायचे सोडून हिरवेगार राहते. बाजूचे शेत कापणीला येते आणि हे आपले हिरवेच. शेतकरी आधी खूश होतो आणि मग शेंगा फोडून पाहतो. कोबी-मोहरीच्या रोपांवरचा काळा, नारिंगी-पांढऱ्या ठिपक्यांचा ढेकूण आणि भोपळ्याच्या वेलावरचा तांबूस काळा ढेकूण हेही याच गोतातले. तुरीच्या शेंगा चिपाड करणारा तपकिरी ढेकूण मात्र निराळ्या कुळाचा. त्याच्या पाठीवर अशी मोठी ढाल नाही.

इतकी अंडी, इतकी पिले, आणि तरीही दर वर्षी शेत ढेकणांनी भरून जात नाही, हे कसे? याचे मोठे श्रेय एका गांधीलमाशीच्या कुळातल्या जीवाला आहे. गांधीलमाशी म्हणताच मोठा पिवळा किडा डोळ्यांसमोर आणू नका. ही काळी, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची, खसखशीच्या दाण्याएवढी. तिला माणसाला चावता येत नाही. ती ढेकणाच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिची पिले ढेकणाच्या पिलाला आतल्या आत खातात, आणि टोपणाखालून ढेकणाऐवजी माशी बाहेर पडते. ती अंडी शोधते कशी, हे तर नवलच. ढेकूण चालतो तेव्हा त्याच्या पायांबरोबर मेणासारख्या द्रव्याचे सूक्ष्म अंश पानावर राहतात. माशी ती पावले हुंगते. नराची पावले आणि मादीची पावले तिला वेगळी कळतात, आणि जिला लवकरच अंडी घालायची आहेत अशा मादीच्या मागावर ती अधिक वेळ रेंगाळते. आपल्याकडचे जुने मागकाढे चोराच्या पावलावरून गाव सांगत. ही पावलावरून पाळणा सांगते.

म्हणून पानामागे अंड्यांचा पुंजका सापडला, की चिरडण्याआधी रंग पाहा. ताजी अंडी फिकट पिवळी असतात आणि फुटण्याच्या वेळेला गुलाबी-नारिंगी होतात. माशीने हात घातलेली अंडी काळपट पडतात. काळी अंडी चिरडणारा माणूस स्वतःच्याच राखणदाराला मारत असतो. दोनचार दिवस ती राहू द्या. त्यांतून बाहेर येईल ते तुमच्या कामाचे असेल.

या माशीचे सामर्थ्य परदेशात आधी ओळखले गेले. ऑस्ट्रेलियात हिरव्या ढेकणाने भाजीपाल्याचा फडशा पाडला तेव्हा १९३३ साली ईजिप्तमधून ही माशी नेऊन सोडण्यात आली. ब्राझीलमध्ये सोयाबीनचा पहिला शत्रू ढेकूणच. तिथे माशीने भरलेली अंडी पुठ्ठ्यावर चिकटवून शेतात लावण्याची पद्धत निघाली. त्याच देशातली दुसरी युक्ती गमतीची आहे. औषधाच्या पाण्यात शंभर लिटरला अर्धा किलो साधे मीठ टाकले, तर निम्म्या औषधात काम भागते, असे तिथल्या संशोधकांना आढळले. ढेकूण खारट पान चाखत जास्त वेळ रेंगाळतो, एवढेच त्याचे मर्म. आपल्या शेतावर हा प्रयोग परभारे करू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून करा.

माशी नसली तर काय होते, याचा धडा अमेरिकेला मिळाला. चीन-जपानकडचा एक करडा तपकिरी, ठिपकेदार ढेकूण मालाच्या खोक्यांतून समुद्र ओलांडून गेला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलनटाउन येथे १९९८ साली तो प्रथम हाती लागला. स्वदेशात त्याच्या अंड्यांवर टपलेली माशी मागे राहिली होती. २०१० सालच्या एकाच हंगामात पूर्व किनाऱ्याच्या मध्य भागातील सफरचंदवाल्यांचे सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलरचे नुकसान झाले. थंडी पडली की हे ढेकूण हजारोंनी घरांच्या माळ्यावर शिरू लागले, आणि गृहिणी झाडू घेऊन त्यांच्या मागे लागल्या. सरकारी शास्त्रज्ञ आशियातून आणलेली माशी बंद प्रयोगशाळेत तपासत बसले होते. ती इथल्या दुसऱ्या निरपराध ढेकणांना तर मारणार नाही ना, हा प्रश्न होता आणि रास्तही होता. तोच २०१४ साली मेरिलंड राज्यात ती माशी उघड्यावर सापडली. तीही कोणाच्या नकळत, ढेकणाच्याच वाटेने आली असावी. इटलीत हाच ढेकूण पोहोचल्यावर २०२० साली तिथल्या सरकारने ती रीतसर सोडली.

आपल्याकडे हिरवा ढेकूण आहे आणि त्याची अंडी शोधणाऱ्या माश्याही आहेत. आयात करावे लागत नाही. फक्त जे आहे ते मारू नये. पंपातून उडणारे विष ढेकणाला लागते तसे एक मिलिमीटरच्या माशीला लागते, आणि मोठ्या ढेकणापेक्षा तिला ते आधी मारते. पुढच्या पिढीतल्या ढेकणाला मग रान मोकळे मिळते, आणि शेतकरी दुसऱ्यांदा पंप उचलतो. हा पंप उचलणाऱ्याचेही काय होते ते आपण पाहिले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या पंपातले औषध केवळ ढेकणांसाठी नव्हते, हे खरे. पण पान उलटून न पाहता पंप उचलण्याची सवय तीच.

आता पान उलटून पाहिल्यावर जो दुसरा ढेकूण भेटतो त्याच्याकडे वळू. याला शास्त्रज्ञ इओकँथेकोना म्हणतात. नाव अवघड आहे. आपण त्याला शिकारी ढेकूण म्हणू. रंगाने तपकिरी, खांद्यावर दोन्ही बाजूंस टोकदार काटे. पिले लालभडक-काळी आणि घोळक्याने राहणारी. त्यामुळे शेतकऱ्याला हीच अधिक भयंकर वाटतात आणि तीच आधी मारली जातात. अंडी काळसर तांबूस चकचकीत असून प्रत्येकाच्या टोपणाभोवती पांढऱ्या बारीक केसरांचे कडे असते. सगळ्यांत पक्की खूण सोंडेची. रस पिणाऱ्या ढेकणाची सोंड बारीक, डोक्याखालच्या खोबणीत चिकटून बसणारी. शिकाऱ्याची सोंड बुडाशी चांगली जाड आणि मोकळी. ती तो भाल्यासारखी सरळ पुढे काढतो. साध्या भिंगाने, चांगल्या नजरेला तर भिंगावाचूनही, हे दिसते.

तुरीवरची घाटे अळी, सोयाबीन-तंबाखूवरची पाने खाणारी अळी, अशा कितीतरी अळ्यांना तो टोचतो. अळी त्याच्याहून कितीतरी मोठी असते. ती अंग झटकते, लोळते, फांदीवरून लोंबकळते, पण सोंड सुटत नाही. लाळेने ती हळूहळू सुन्न होते, आणि थोड्या वेळाने सोंडेच्या टोकाला लटकणारी रिकामी कातडी घेऊन ढेकूण निवांत चालू लागतो. कधी चारपाच पिले मिळून एकच अळी पितात. भातखाचरांत याचाच एक दूरचा भाऊ हेच काम करतो. सोयाबीनच्या शेतात असा शिकारी दिसला, तर त्याला ढेकूण म्हणून मारणे म्हणजे घरात चोर शिरला असता रखवालदारालाच बडवण्यासारखे आहे.

पण म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचीही घाई नको. गाजरगवत आपणां सर्वांना माहीत आहे. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे त्याने देश व्यापला. ते खाण्यासाठी मेक्सिकोहून आणलेला एक भुंगेरा १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आला, आणि आज तो महाराष्ट्रातही पावसाळ्यात गाजरगवत फस्त करताना दिसतो. हा शिकारी ढेकूण त्या भुंगेऱ्याच्या अळ्याही पितो. अळी कोणाच्या उपयोगाची, याची चौकशी तो करीत नाही.

आणि पूर्व विदर्भात तर तो उघड वैरी ठरतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसराचे, तिकडच्या भाषेत कोशाचे, किडे पाळतात. तुतीचा रेशीमकिडा घरात, सुपात वाढतो. टसराचा किडा उघड्या रानात झाडावर वाढतो. धीवर समाजातील कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली आहेत. अंडीपुंजांतून निघालेल्या अळ्या झाडावर चढवायच्या आणि मग कोष बांधून होईपर्यंत पावसापाण्यात राखण करायची. पाखरे गोफणीने हाकलता येतात, मुंग्यांची वाट बुंध्याशी अडवता येते. ढेकूण मात्र पानामागे बसतो आणि पहिल्या-दुसऱ्या कातेतल्या कोवळ्या अळ्या एकेक करून पितो. खाली सुकलेल्या अळ्या पडलेल्या दिसतात तेव्हाच तो आल्याचे कळते. झाडावर औषध मारावे तर टसराचीच अळी मरते. तेव्हा एकच उपाय उरतो : रोज सकाळी झाडन्‌झाड पाहायचे, केसरांची कडी असलेली अंडी पानासकट तोडायची, आणि लाल-काळी पिले हाताने वेचायची.

अकोला-वाशीमकडे ज्याला जपावे असे मी इतका वेळ सांगत आलो, त्यालाच आरमोरीकडे वेचून मारावे लागते. दोघा शेतकऱ्यांचे बरोबर आहे. ऐनावर वेचलेले ढेकूण न मारता डब्यात भरून घाटे अळी पडलेल्या तुरीच्या शेतात नेऊन सोडावेत, असे मनात येते खरे. त्याला हरकत काहीच नाही. फक्त ते शेत ऐनापासून बरेच लांब हवे, कारण ढेकणाला पंख आहेत, आणि टसराची कोवळी अळी त्याला तुरीवरच्या अळीइतकीच गोड लागते.